विश्लेषण : बायबलमधले आकडे जुळत नाहीत म्हणणारे बिशप कोलेन्सो कोण होते? चर्चने बहिष्कृत करूनही ते धर्मगुरू कसे राहिले?

एका तंबूच्या दारासमोर सहा लाखांहून अधिक पुरुष जमले आहेत. तंबूची रुंदी १८ फूट. एका ओळीत नऊ जण उभे केले आणि प्रत्येक ओळीला दीड फूट जागा दिली, तर रांग किती लांब जाईल?

शाळेच्या पुस्तकातले गणित वाटते ना? उत्तर येते सुमारे १९ मैल, म्हणजे ३० किलोमीटर. सीएसएमटीहून लोकलने मुलुंडला जाण्याइतके अंतर! आता हा तंबू म्हणजे बायबलमधला मोशेच्या काळातला दर्शनमंडप आहे आणि त्याच्या दाराशी इस्राएल लोकांची सगळी मंडळी जमली, असे धर्मग्रंथ सांगतो. हे गणित मांडणारा माणूस नास्तिक नव्हता. तो चर्च ऑफ इंग्लंडचा बिशप होता. नाव जॉन विल्यम कोलेन्सो.

गणिताचे मास्तर बिशप कसे झाले?

कोलेन्सो यांचा जन्म १८१४ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा. वडिलांचे पैसे कथलाच्या खाणीत गुंतले होते. खाणीत समुद्राचे पाणी शिरले आणि घरची स्थिती बिघडली. मुलाने शाळेत शिकवत, पै-पै जमवत केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज गाठले. १८३६ मध्ये गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला, म्हणजे सेकंड रँग्लर. मराठी वाचकांना रँग्लर म्हटले की र. पु. परांजपे आठवतात. तेही पुढे १८९९ मध्ये याच कॉलेजातून सीनियर रँग्लर झाले.

हॅरो येथे शिकवत असताना घराला आग लागली आणि डोक्यावर मोठे कर्ज झाले. ते फिटले अंकगणित आणि बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांमुळे. ब्रिटिश शाळांत ही पुस्तके अनेक वर्षे चालली. म्हणजे बिशप होण्याआधीच हे नाव इंग्लंडमधल्या घराघरांतल्या मुलांना, बहुधा कपाळावर आठ्या घालून, माहीत होते.

१८५३ मध्ये त्यांची दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचे बिशप म्हणून नेमणूक झाली.

झुलू शिष्याने काय विचारले?

पीटरमारित्झबर्गजवळ कोलेन्सो यांनी मिशन उभारले. ते झुलू शिकले, झुलूचे व्याकरण लिहिले, शब्दकोश केला आणि बायबलचे भाषांतर हाती घेतले. लोक त्यांना सोबांटू म्हणू लागले, म्हणजे लोकांचा पिता.

इतर मिशनऱ्यांशी त्यांचे पहिले भांडण बहुपत्नीकत्वावरून झाले. बाप्तिस्मा हवा असेल तर एक बायको ठेवून बाकीच्यांना सोडा, असा नियम होता. कोलेन्सो यांना तो क्रूर वाटला. सोडलेल्या बायका आणि त्यांची मुले जाणार कुठे, हा त्यांचा साधा मुद्दा होता.

मोठी ठिणगी पडली ती भाषांतर करताना. मदतीला विल्यम एन्गिदी नावाचे झुलू सहकारी होते. नोहाच्या महापुराची गोष्ट आली तेव्हा त्यांनी विचारले, हे खरेच घडले का? जगभरचे प्राणी एका तारवात आले आणि सगळ्यांचा चारा नोहाने गोळा केला? कोलेन्सो यांना भूगर्भशास्त्राची माहिती होती. असा जगव्यापी पूर झालेला नाही, हे त्यांना ठाऊक होते. समोर विश्वासाने विचारणारा माणूस होता. त्याला खोटे सांगायचे का, एवढाच प्रश्न उरला.

त्यांनी जर्मन अभ्यासकांचे ग्रंथ मागवले आणि कामाला लागले. १८६२ मध्ये बायबलमधील पहिली पाच पुस्तके आणि यहोशवाचे पुस्तक यांच्या चिकित्सेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढचे भाग धरून एकूण सात, शेवटचा १८७९ मध्ये.

त्या पुस्तकात नेमके काय होते?

गणित! इंजिनीअरिंगला आम्हाला एक सवय लावली होती : उत्तर आले की ते शक्य कोटीतले आहे का, ते आधी बघा. कोलेन्सो यांनी तेच केले. याकोबाच्या कुटुंबातले ७० जण इजिप्तमध्ये गेले आणि चार पिढ्यांत लढाऊ पुरुष ६,०३,५५० झाले? म्हणजे बायकामुले धरून वीस लाखांच्या आसपास. याच लोकांत ज्येष्ठ पुत्रांची संख्या २२,२७३ दिली आहे. भागाकार केला तर प्रत्येक आईला चाळीसहून अधिक मुलगे हवेत. आणि एवढ्या जनसमुदायाचे सगळे यज्ञविधी करायला याजक किती, तर अहरोन आणि त्याचे दोन मुलगे.

आज हे वाचताना थोडे बाळबोध वाटते. त्या काळच्या टीकाकारांनाही वाटले. मॅथ्यू अरनॉल्ड यांनी तर या पुस्तकाची खिल्ली उडवली. पण ज्या वाचकाला हिब्रू येत नाही, त्यालाही बेरीज-भागाकार येतो. पुस्तक खपले ते त्यामुळेच. झुलूंना ख्रिस्ती करायला गेलेल्या बिशपलाच झुलूने फिरवले, अशी टिंगल लंडनमध्ये सुरू झाली. त्या टिंगलीत धर्मापेक्षा वर्णाचा अहंकार जास्त होता, असे मला वाटते.

मग त्यांनी चर्च सोडले का नाही?

अनेकांनी, अगदी मित्रांनीही, हाच प्रश्न केला. कोलेन्सो यांच्या मते बायबलमध्ये देवाची वाणी आहे, पण बायबलचा प्रत्येक शब्द देवाची वाणी नाही. इतिहास म्हणून ते माणसांनी लिहिले आहे आणि माणसे चुकतात. प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रवचन, नव्या कराराचे झुलू भाषांतर, सगळे त्यांनी चालू ठेवले. अडचणी होत्याच. दीक्षा घेणाऱ्या उमेदवाराला सगळ्या धर्मग्रंथावर मनापासून विश्वास असल्याचे सांगावे लागे. स्वतःला जे म्हणता येत नाही, ते दुसऱ्याकडून कसे वदवून घ्यायचे, हे त्यांना छळत होते.

केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ मध्ये खटला भरून त्यांना पदच्युत केले. कोलेन्सो हजरही राहिले नाहीत. त्यांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. १८६५ मध्ये निकाल लागला : ग्रे यांना तो अधिकारच नव्हता. श्रद्धा बरोबर की चूक, यावर कौन्सिल बोलले नाही, फक्त अधिकारक्षेत्र पाहिले. ग्रे यांनी पुढच्या वर्षी त्यांना बहिष्कृत केले आणि १८६९ मध्ये दुसरा बिशप नेमला. एका छोट्या शहरात दोन बिशप, दोन कॅथेड्रल. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ मध्ये भरली, त्यामागेही हा वाद होता.

या सगळ्यात नाताळमधले बरेचसे गोरे वसाहतवाले कोलेन्सो यांच्याच बाजूने होते. केपटाऊनच्या बिशपची दादागिरी त्यांना नको होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गोऱ्यांनी साथ कधी सोडली?

१८७३ मध्ये. ह्लुबी जमातीचे प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर बंदुकांची नोंदणी न केल्यावरून कारवाई सुरू झाली. ते पळाले, झटापटीत वसाहतीचे पाच जण मारले गेले. मग सरकारने जमातीची जमीन आणि गुरे काढून घेतली. लांगालिबालेले यांना वकील न देता खटला चालवला आणि जन्मठेपेची हद्दपारी देऊन रॉबेन बेटावर पाठवले. होय, तेच नेल्सन मंडेलांचे रॉबेन बेट.

कोलेन्सो यांनी आफ्रिकी साक्षीदारांच्या जबान्या नोंदवल्या, सरकारी जबान्यांशेजारी ठेवल्या आणि विसंगती दाखवल्या. पद्धत तीच, पाच पुस्तकांना लावलेली. यात वीस वर्षांचा मित्र, वसाहतीचा अधिकारी थिओफिलस शेपस्टोन, कायमचा दुरावला. १८७४ मध्ये कोलेन्सो लंडनला गेले. परिणामी गव्हर्नर पाइन यांना परत बोलावण्यात आले आणि लांगालिबालेले यांना बेटावरून मुख्य भूमीवर हलवले गेले. जमिनी मात्र परत मिळाल्या नाहीत.

मोशेची जनगणना चुकीची म्हणणारा बिशप वसाहतीला चालला होता. सरकारची साक्ष चुकीची म्हणणारा चालला नाही.

ते साम्राज्यविरोधी होते असे मात्र समजू नका. ब्रिटिश न्यायावर त्यांचा विश्वास होता, कधी कधी भाबडा वाटावा इतका. १८७९ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांनी झुलू राज्यावर युद्ध लादले. हे तेच फ्रिअर, ज्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात मुंबईच्या फोर्टचा तट पाडला गेला. इसांडलवाना येथे ब्रिटिश बाजूचे १,३०० हून अधिक लोक ठार झाले. त्यात कोलेन्सो कुटुंबाचे निकटचे स्नेही कर्नल डर्नफर्ड होते. वसाहत सूडाची भाषा बोलत होती. १२ मार्चला प्रार्थना आणि उपवासाचा दिवस जाहीर झाला. कोलेन्सो यांनी प्रवचनासाठी मीखा संदेष्ट्याचे वचन निवडले, न्याय आणि दया मागणारे, आणि भरल्या कॅथेड्रलमध्ये विचारले की झुलूंशी वागताना आपण यातले काय पाळले? पराभूत राजा सेत्श्वायो यांच्यासाठी ते अखेरपर्यंत लिहीत राहिले.

२० जून १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. सेंट पीटर्स कॅथेड्रलमध्ये वेदीसमोर त्यांना पुरले. पुढच्याच वर्षी मिशनचे घर जळाले. थोरली मुलगी हॅरिएट तिथून हलली नाही. सेत्श्वायोंचे पुत्र दिनुझुलू यांच्यावर राजद्रोहाचे खटले झाले तेव्हा त्यांच्या बचावाची कागदपत्रे जमवायला तीच उभी होती, आधी १८८८ मध्ये आणि पुन्हा वीस वर्षांनी.