उडत्या विमानाबाहेर जाऊन त्याने इंजिनात ऑईल टाकलं, तेही सहा वेळा!

गाडीत ऑईलचा लाल दिवा पेटला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि मेकॅनिकला फोन लावायचा. एवढं सोपं असतं. पण हेच विमानात झालं आणि खाली नुसता समुद्र असेल तर?

१५ मे १९३५ ला पॅट्रिक गॉर्डन टेलर नावाच्या माणसावर हीच वेळ आली होती.

टेलरचा जन्म १८९६ चा, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये लढाऊ वैमानिक होता. तिथल्या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर समुद्रावरून विमानाची अचूक दिशा काढण्यात तो तरबेज झाला आणि चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ या गाजलेल्या वैमानिकाचा जोडीदार बनला. १९३४ मध्ये या दोघांनी ऑस्ट्रेलियातून विमानाने अमेरिका गाठली होती.

आता वळू १९३५ च्या त्या दिवसाकडे. पंचम जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली म्हणून न्यूझीलंडला खास टपाल निघालं होतं. विमान होतं तीन इंजिनांचं सदर्न क्रॉस. आत तिघे जण होते: किंग्सफर्ड स्मिथ, टेलर आणि वायरलेस सांभाळणारा जॉन स्टॅनेज.

साधारण सहा तास झाले आणि मधल्या इंजिनाच्या धुराच्या नळीचा तुकडा तुटून उजव्या पंख्यावर आदळला. पंख्याचं पातं तुटलं. उजवं इंजिन बंद करावं लागलं आणि विमान सिडनीकडे वळलं. वजन कमी करायला सामान समुद्रात फेकलं गेलं, पुढे टपालही गेलं.

तिघांचा भार आता दोन इंजिनांवर आला. पूर्ण ताकदीने पळणारं डावं इंजिन भराभर ऑईल पिऊ लागलं. त्याच्या ऑईल प्रेशरचा काटा खाली येऊ लागला.

हा काटा वैमानिकाला एवढा का घाबरवतो? ऑईल इंजिनाच्या फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून राहतं आणि उष्णताही बाहेर काढतं. प्रेशर गेलं की हा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होतं. डावं इंजिन थांबलं असतं तर उरलेल्या एका इंजिनावर सदर्न क्रॉस हवेत राहणं शक्य नव्हतं.

इथे टेलरच्या डोक्यात एक गोष्ट आली. उजवं इंजिन बंद होतं, पण त्याची ऑईलची टाकी तर भरलेली होती!

टेलर खिडकीतून बाहेर पडला. जोराच्या वाऱ्यात एका बारीक दांडीवर पाय आणि पंखाच्या कडेला खांदे टेकवत तो उजव्या इंजिनापर्यंत सरकला. थर्मासच्या बाहेरच्या डब्यात ऑईल काढून त्याने आत दिलं. स्टॅनेजने ते एका सुटकेसमध्ये साठवलं.

मग टेलर डाव्या बाजूने बाहेर गेला. पण तिथला पंखा चालू असताना ऑईल ओतणं अशक्य होतं. म्हणून किंग्सफर्ड स्मिथने आधी विमान उंच नेलं, मग डावं इंजिन बंद केलं. विमान समुद्राकडे घसरत असताना टेलरने ऑईल ओतलं. इंजिन पुन्हा चालू झालं आणि काटा वर चढला!

ऑईल पुरेना, म्हणून हा खटाटोप एकूण सहा वेळा करावा लागला. अखेर विमान सिडनीच्या मॅस्कॉट विमानतळावर सुखरूप उतरलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किंग्सफर्ड स्मिथ अलाहाबादहून सिंगापूरला निघाला आणि वाटेत कायमचा बेपत्ता झाला. त्या प्रवासात टेलर सोबत नव्हता.

टेलरला १९३७ मध्ये एम्पायर गॅलन्ट्री मेडल मिळालं. पुढे त्याच्या बदल्यात जॉर्ज क्रॉस देण्यात आला. १९५१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलिया ते चिली हा पॅसिफिकवरचा प्रवास विमानाने केला. १९५४ मध्ये तो सर झाला. १९६६ मध्ये होनोलुलूत त्याचं निधन झालं.

आजही छोट्या विमानांच्या वैमानिकांना दोन काटे एकत्र वाचायला शिकवतात. प्रेशर पडतंय आणि तापमान चढतंय, तर ऑईल खरोखर चाललंय, लगेच उतरायची तयारी करा. प्रेशर पडलंय पण तापमान स्थिर आहे, तर कदाचित काटाच बिघडला असेल. तरीही जवळचं विमानतळ गाठायचं. कारण छोट्या विमानात बहुतेक वेळा इंजिन एकच असतं. ऑईल उसनं आणायला दुसरं इंजिन नसतं.

सदर्न क्रॉस आजही ब्रिस्बेन विमानतळाजवळ जपून ठेवलंय.