वरोऱ्याचा कोळसा आणि जमशेटजी

टाटा हे नाव ठाऊक नाही असा एकही प्राणी आपल्या होस्टेलमध्ये सापडणार नाही. मेसच्या भाजीतल्या मिठापासून प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डापर्यंत हे नाव रोज कुठे ना कुठे भेटतं. पण या सगळ्याचा पाया ज्यांनी घातला त्या जमशेटजी नसरवानजी टाटांच्या आयुष्यातला एक भाग फारसा कुणी सांगत नाही. तो भाग यशाचा नाही. परीक्षेत नापास झालेल्या एका कोळशाचा आहे. आणि तो कोळसा आमच्या गावचा, म्हणजे वरोऱ्याचा!

वरोरा नेमकं कुठे आलं, हे वसईत शिकायला आल्यापासून मला दर सेमिस्टरला कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. चंद्रपूर जिल्हा म्हटलं तरी चेहरे कोरेच राहतात. बाबा आमटेंचं आनंदवन म्हटलं की मग पत्ता लागतो. या लेखानंतर आणखी एक खूण सांगता येईल असं वाटतं.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र भिक्षुकी सोडून मुंबईत व्यापारात शिरले. मुलगाही वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईला आला. तेव्हा आपल्या या पश्चिमेच्या बाजूला रेल्वे नव्हतीच. विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली ती १८६७ साली! जमशेटजी एल्फिन्स्टनमध्ये शिकले, १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण केलं आणि वडिलांच्या पेढीत दाखल झाले. पुढे कामासाठी हाँगकाँगला गेले, तिथून पूर्वेकडच्या व्यापाराचे धडे घेतले.

मग आला १८६५ चा दणका. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. भलेभले सावकार रातोरात बुडाले. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते, वय अवघं सव्वीस, आणि हातात पेढीचे कागद, ज्यांना आता रद्दीची किंमत. अशा वेळी तोंड लपवणारे पुष्कळ असतात. त्यांनी स्वतः देणेकऱ्यांना गाठलं, खरी परिस्थिती समोर मांडली. लोकांचा विश्वास इतका बसला की पेढीचा हिशेब मिटवायचं काम त्यांच्याकडेच सोपवण्यात आलं, आणि तेही पगार देऊन. वाईट बातमी सरळ बघायची आणि सरळ सांगायची, ही सवय त्यांना इथूनच लागली असावी असं मला वाटतं. पुढे कोळशाच्या वेळी तीच कामाला आली.

१८६८ मध्ये त्यांनी एकवीस हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्यावर विकली. आता मोठी गिरणी काढायची होती. सगळे मुंबईत गिरण्या काढत होते. यांनी नागपूर निवडलं. लोकांनी वेड्यात काढलं. पण हिशेब साधा होता. कापूस विदर्भात पिकतो, रेल्वे नागपूरला पोचलेली आहे, आणि बॉयलरला लागणारा कोळसा जवळच वरोऱ्याला आहे. मुंबईच्या गिरण्यांना तेव्हा कोळसा बोटीतून विलायतेहून आणावा लागे. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. आज ती गिरणी बंद झाली आहे, पण कामगारांसाठी पेन्शन फंड आणि अपघात झाल्यास भरपाई या गोष्टी तिथे एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वरोऱ्याची खाण सरकारी होती आणि जमिनीखालची होती. आमच्याकडे खाण कुणी म्हणत नाही, खदान म्हणतात. माझे मामा खदानीत कामाला आहेत, त्यामुळे पाळी, पिंजरा, दिवा हे शब्द घरातले. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा बॉयलरखाली बरा जळतो. आजही चंद्रपूरच्या वीज केंद्राची धग त्याच्यावरच आहे. मग तो नापास कुठे झाला?

१८८२ साली जमशेटजींच्या हाती एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाची पाहणी केली होती. (तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आजचं चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही येत.) लोहारा इथल्या टेकडीत उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे, असं त्यात होतं. जमशेटजींना वाटलं, लोहाऱ्याला लोखंड, वरोऱ्याला कोळसा, दोन्ही एकाच जिल्ह्यात. अजून काय पाहिजे? भारतात पोलादाचा कारखाना निघालाच म्हणून समजा!

पण त्यांनी आधी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी जर्मनीला पाठवला. निकाल आला: या कामाला निरुपयोगी.

इथे थोडा मेटलर्जीचा तास घ्यावा लागेल, कंटाळू नका. खनिजात लोखंड ऑक्सिजनला चिकटून बसलेलं असतं. ते सोडवायला कार्बन लागतो. ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून खनिज, चुनखडी आणि इंधन यांचे थर टाकतात, खालून गरम हवा फुंकतात. म्हणजे तळाच्या इंधनाला वरचं सगळं ओझं पेलायचं असतं आणि त्यातून हवेला वर जायला वाटही द्यायची असते. साधा दगडी कोळसा टाकला तर त्याचा चुरा होतो आणि भट्टीचा श्वास कोंडतो. म्हणून कोक लागतो. ठरावीक जातीचा कोळसा बंद भट्टीत, हवा न लागू देता हजार अंशांपर्यंत तापवला, की साधारण ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान तो मऊ पडतो, फुगतो, त्यातले वायू निघून जातात, आणि मग तो घट्ट होऊन टणक पण सच्छिद्र असा कोक तयार होतो. सगळेच कोळसे असे वागत नाहीत. जुन्या पिठाला विरी नसली की भाकरी थापता थापता चिरते, तसंच हे. वरोऱ्याच्या कोळशाला ती विरी नव्हती. आज प्रयोगशाळेत एक ग्रॅम कोळशाची पूड झाकणाच्या क्रुसिबलमध्ये तापवून, तो किती फुगला यावरून ० ते ९ असा नंबर देतात. एक ग्रॅमचा प्रयोग, पण त्यावर आख्खा कारखाना उभा राहतो किंवा राहत नाही.

जमशेटजींनी काय केलं? अहवाल बाजूला सारून भट्टी बांधली नाही. दुसऱ्या तज्ज्ञाकडून मनासारखा रिपोर्टही आणला नाही. त्यात खाणीच्या परवान्यासाठी सरकारच्या अटीही जाचक होत्या. त्यांनी ती योजना थांबवली. पण फाइल बंद केली नाही! भारतातल्या खनिजांविषयी जे जे छापून येई त्याची कात्रणं ते पुढची सतरा वर्षं जमवत राहिले.

मधल्या काळात त्यांना निर्यातीचाही एक धडा मिळाला. गिरण्यांचं सूत चीनला जायचं. वाहतूक पी अँड ओ आणि तिच्या जोडीदार बोट कंपन्यांच्या हातात. भाडं त्या म्हणतील ते. माल कितीही चांगला काढा, नफा बोटवाला खाणार! १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी करार केला आणि स्वतःही अॅनी बॅरो नावाची बोट भाड्याने घेऊन टाटा लाइन सुरू केली. मग पी अँड ओने भाडं टनाला दीड रुपयापर्यंत खाली आणलं. इतक्या कमी दरात टाटा लाइन टिकली नाही, तोटा सोसून बंद करावी लागली. पण जपानी कंपनी या मार्गावर टिकली आणि एकाच गटाची मक्तेदारी मोडली. कच्चा माल, कारखाना आणि बंदर ही एकच साखळी आहे, हे त्यांना तेव्हा चांगलंच कळलं असणार.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले. जमशेटजींनी कात्रणं पुन्हा बाहेर काढली. १९०० मध्ये लंडनला जाऊन भारतमंत्री हॅमिल्टन यांना भेटले, पाठिंबा मिळवला. १९०२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अमेरिकेला गेले. तिथे पोलादाचे कारखाने तर पाहिलेच, पण अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जाऊन कोक कसा बनवतात तेही बारकाईने पाहिलं. वीस वर्षांपूर्वी गाडी कुठे अडली होती ते ते विसरले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला त्यांनी गळ घातली आणि पेरिनने आपला भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड भारतात पाठवला.

वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात बैलगाडीने फिरले. आमच्याकडचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना हे काय प्रकरण आहे ते कळेल. प्यायला पाणी नाही, वाघांचा मुलूख. खनिज उत्तम निघालं, पण विखुरलेलं, कारखान्याला पुरणारं नाही. म्हणजे चांदा दुसऱ्यांदा नापास! दोराबजी हे सांगायला नागपूरला गेले. ज्यांना भेटायचं ते अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून समोरच्या म्युझियममध्ये शिरले आणि तिथे भिंतीवरच्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण दिसली. ती नोंद प्रमथनाथ बोस या भारतीय भूशास्त्रज्ञाची होती. त्याच बोसांनी २४ फेब्रुवारी १९०४ ला पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाची खबर दिली होती. मयूरभंजपासून झरिया फार लांब नाही, आणि झरियाच्या कोळशाचा कोक होतो. अडलेलं कोडं सुटलं!

पण सोडवणारा माणूस ते पाहायला राहिला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे जमशेटजींचं निधन झालं. ज्या देशातून वरोऱ्याच्या कोळशाचा नकार आला होता, तोच देश.

पुढचं सगळं मुलांनी आणि सहकाऱ्यांनी केलं. २६ ऑगस्ट १९०७ ला मुंबईत टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. लंडनच्या सावकारांनी भांडवल दिलं नाही, तेव्हा सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत शेअर उचलले. १९१० मध्ये कंपनीने झरियाच्या खाणी घेतल्या. साकची या खेड्यात कारखाना उभा राहिला. १९११ च्या डिसेंबरात पहिलं लोखंड, १९१२ च्या फेब्रुवारीत पहिलं पोलाद निघालं. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं. बंगळूरची विज्ञान संस्था आणि खोपोलीची जलविद्युत, ही त्यांची बाकीची दोन स्वप्नंही ते गेल्यावरच पूर्ण झाली. हयातीत त्यांनी पाहिलं ते १९०३ चं ताजमहाल हॉटेल.

वरोऱ्याची ती खदान १९०६ मध्ये बंद पडली. झरियाच्या जामाडोबा, भेलाटांड, सिजुआ या खाणींत आजही माणसं पिंजऱ्यातून खाली उतरून कोकिंग कोळसा काढतात. पण भारतातल्या या कोळशात राख फार, तो धुवून घ्यावा लागतो, आणि तेवढ्यावर भागतही नाही. देशाला लागणारा बहुतेक कोकिंग कोळसा परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून बोटीने येतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर जयगड आणि धरमतरला उतरून तो डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातो. बोटवाल्याच्या भाड्याचा प्रश्न आजही तसाच आहे, फक्त माल उलट्या दिशेने येतो.

आणि आमचा नापास कोळसा? चंद्रपूरजवळ घुगुसला स्पंज आयर्नचा कारखाना आहे. त्या पद्धतीत खनिज वितळवतच नाहीत, फिरत्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून त्यातला ऑक्सिजन काढतात. तिथे वरचं ओझं पेलायचंच नसतं, त्यामुळे कोक न होणारा कोळसाही चालतो. निकाल चुकीचा नव्हता. तो त्या काळच्या एका पद्धतीपुरता होता.

आपल्या लॅबमध्ये रीडिंग मनासारखं आलं नाही की ते जुळवून घ्यायची टूम असते, हे स्टाफला माहीत नाही असं समजू नका! सबमिशन होतं, सही मिळते, कुणाचं काही बिघडत नाही. पण १८८२ मध्ये तो निकाल जुळवून घेतला असता तर चांद्याच्या जंगलात एक थंड भट्टी उभी राहिली असती आणि भारतातल्या पोलादाच्या नावावर कायमची फुली पडली असती. जमशेटजींनी निकालाचा मान राखला आणि वाट पाहिली. आज जगभर कोकशिवाय, हायड्रोजन वापरून लोखंड काढायचे प्रयोग चालू आहेत. त्यातले कितीतरी निकाल नकाराचे येतील. ते खरे लिहून ठेवणारं कुणीतरी आपल्यातलं असावं, इतकंच!