थांबायचे कधी? : जॉनी युनायटसच्या सोनेरी हाताची कहाणी

७ ऑक्टोबर १९७३. पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमवर यजमान स्टीलर्स आणि सॅन दिएगो चार्जर्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होता. चार्जर्सचा क्वार्टरबॅक चाळीस वर्षांचा होता. पूर्वार्धात त्याने नऊ पास फेकले. त्यांपैकी अवघे दोन सहकाऱ्यांच्या हाती पडले आणि दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. मध्यंतरानंतर तो मैदानात उतरलाच नाही. त्याच्या जागी डॅन फाउट्स नावाचा पहिल्याच वर्षाचा तरुण खेळला. बाजूला बसून सामना पाहणाऱ्या त्या चाळिशीतील खेळाडूचे नाव होते जॉनी युनायटस. ज्या खेळाने त्याला अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवले, त्या खेळातील एखादा सामना त्याने पहिल्यापासून खेळायला घ्यावा, अशी ती अखेरची वेळ ठरली. हे घडले ते त्याच्या जन्मगावी आणि अठरा वर्षांपूर्वी त्याला नाकारणाऱ्या संघाविरुद्ध!

खेळाडूने थांबावे केव्हा, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक खेळात वारंवार विचारला जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो क्वार्टरबॅकच्या बाबतीत सर्वाधिक तीव्रतेने विचारला जातो. प्रतिस्पर्ध्यांची बचावाची रचना वाचायची, पुढची चाल ठरवायची आणि अंगावर धावून येणाऱ्या आडदांड खेळाडूंना न जुमानता दोन-तीन सेकंदांत अचूक पास फेकायचा, हे त्याचे काम. वय वाढते तशी बुद्धी तल्लख होत जाते. पाय आणि खांदे मात्र साथ सोडू लागतात. या दोहोंच्या ओढाताणीत कोणता क्षण अखेरचा मानायचा? युनायटसचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे एक ठसठशीत उदाहरण आहे.

सहा डॉलरचा खेळाडू

जॉनी युनायटसचा जन्म ७ मे १९३३ रोजी पिट्सबर्ग येथे, मूळच्या लिथुआनियन वंशाच्या कुटुंबात झाला. वडिलांचा घरोघरी कोळसा पोहोचवण्याचा छोटा व्यवसाय होता. जॉनी पाच वर्षांचा असतानाच वडील गेले. आईने खचून न जाता तो व्यवसाय चालवला, जोडीला इतर कामेही केली आणि मुलांना वाढवले. हार न मानण्याचा धडा जॉनीला मैदानापूर्वी घरातच मिळाला.

शाळेत तो चांगला खेळत असे. पण अंगाने किरकोळ. नोत्र दाम या विख्यात विद्यापीठाने याच कारणास्तव त्याला घेतले नाही. अखेर लुईव्हिल विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. १९५५ साली व्यावसायिक लीगच्या निवड प्रक्रियेत पिट्सबर्ग स्टीलर्सने नवव्या फेरीत त्याची निवड केली खरी. पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याला घरी पाठवले. लग्न झालेले, पदरात मूल. युनायटस बांधकामावर मजुरी करू लागला आणि सुटीच्या दिवशी ब्लूमफील्ड रॅम्स या स्थानिक अर्धव्यावसायिक संघाकडून खेळू लागला. मोबदला होता सामन्यामागे सहा डॉलर.

१९५६ साली बाल्टिमोर कोल्ट्स संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले आणि राखीव क्वार्टरबॅक म्हणून ठेवून घेतले. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ याचा पाय शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात जायबंदी झाला आणि युनायटसला संधी मिळाली. त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि थेट टचडाऊन केला. कोल्ट्सने तो सामना २७-५८ असा गमावला. एखाद्या महान कारकीर्दीची याहून वाईट सुरुवात क्वचितच झाली असेल. पण त्याच हंगामात त्याने आपली जागा पक्की केली आणि पुढे जवळजवळ दीड दशक ती कोणाला सोडली नाही.

कीर्तिशिखरावर

२८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झालेल्या अजिंक्यपदाच्या सामन्याने युनायटसचे आणि त्या खेळाचेही भाग्य पालटले. न्यूयॉर्क जायंट्सकडे १७-१४ अशी आघाडी होती आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. युनायटसने रेमंड बेरी या सहकाऱ्याला लागोपाठ तीन पास देत संघाला प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ नेले. अवघे सात सेकंद शिल्लक असताना स्टीव्ह मायराने फील्ड गोल करून बरोबरी साधली. लीगच्या इतिहासात अजिंक्यपदाचा सामना प्रथमच जादा वेळेत गेला. तिथेही युनायटसने संयमाने एकामागून एक चाली रचत ऐंशी यार्डांची मजल मारली आणि अॅलन अमीचीच्या टचडाऊनने कोल्ट्स २३-१७ असे विजयी झाले. दूरचित्रवाणीवर देशभर पाहिल्या गेलेल्या या सामन्यापासून अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलच्या लोकप्रियतेची लाट उसळली, असे मानले जाते.

पुढच्याच वर्षी कोल्ट्सने जायंट्सना पुन्हा हरवून अजिंक्यपद राखले. १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाऊन पास देण्याचा त्याचा विक्रम तब्बल ५२ वर्षे अबाधित राहिला. तो २०१२ साली ड्रू ब्रीसने मोडला. काळे उंच बूट, बारीक कापलेले केस, किंचित पोक काढून चालण्याची ढब असा हा खेळाडू कोळशाच्या आणि पोलादाच्या गावांतील कष्टकऱ्यांना आपल्यातलाच वाटे. आजच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या सूचना त्या काळी नव्हत्या. चाली युनायटस स्वतः ठरवत असे आणि मार खाल्ल्यावर तक्रार न करता पुन्हा उभा राहत असे. १९५८ च्या हंगामात बरगड्या मोडून फुप्फुसाला इजा झाली असतानाही तो केवळ दोन सामन्यांना मुकला.

तीन संधी, तीन नकार

मागे वळून पाहिले तर निवृत्तीची किमान तीन वळणे युनायटसच्या वाटेवर आली. पहिले वळण १९६८ चे. आदल्याच वर्षी लीगमधील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान त्याने पटकावला होता. वय पस्तीस. हंगामपूर्व सामन्यात त्याच्या उजव्या कोपराला गंभीर दुखापत झाली. त्याच्या जागी आलेल्या अर्ल मोरालने संघाला चौदापैकी तेरा सामने जिंकून दिले. जानेवारी १९६९ मधील सुपर बोलमध्ये मात्र न्यूयॉर्क जेट्सपुढे मोराल निष्प्रभ ठरला. सामना जवळजवळ हातचा गेल्यावर युनायटसला मैदानात धाडण्यात आले. दुखऱ्या हाताने त्याने संघाला एकमेव टचडाऊन मिळवून दिला. कोल्ट्स ७-१६ असे हरले; पण त्याला आधी उतरवले असते तर, ही रुखरुख बाल्टिमोरला कायमची लागून राहिली. आपण संपलेलो नाही, हा युनायटसचा विश्वास त्या काही मिनिटांनी दृढ केला असेल तर नवल नाही.

तो विश्वास खोटा नव्हता. १७ जानेवारी १९७१ रोजी कोल्ट्सने डॅलस काऊबॉइजचा १६-१३ असा पराभव करून सुपर बोल जिंकला. जॉन मॅकीने पूर्ण केलेला ७५ यार्डांचा टचडाऊन पास युनायटसचाच होता. मात्र बरगडीला मार बसल्याने उर्वरित सामना मोरालने खेळून काढला. अजिंक्यपद हाती, वय ३७, कीर्ती शाबूत. सन्मानाने निरोप घेण्यासाठी याहून सुंदर क्षण सापडणे कठीण होते. हे दुसरे वळण. काही महिन्यांतच त्याच्या टाचेमागची शीर तुटली. तरीही तो परतला.

तिसरे वळण १९७२ चे. हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याची जेट्सच्या जो नेमथशी गाठ पडली. नेमथने ४९६ यार्ड फेक केली, तर ३९ वर्षांच्या युनायटसने ३७६. जेट्स ४४-३४ असे जिंकले, तरी म्हाताऱ्या वाघाची डरकाळी साऱ्यांनी ऐकली. त्याच उन्हाळ्यात संघाची मालकी रॉबर्ट अर्से यांच्याकडे गेली होती. पहिल्या पाचपैकी चार सामने गमावताच प्रशिक्षक डॉन मॅकॅफर्टी यांची हकालपट्टी झाली आणि युनायटसच्या जागी मार्टी डॉमरेस या तरुणाला खेळवण्याचा निर्णय झाला.

३ डिसेंबर १९७२ रोजी बफेलो बिल्सविरुद्ध बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियमवर त्याचा अखेरचा सामना झाला. प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करत होते. आकाशात एका विमानामागे त्याच्याशी एकजूट दाखवणारा फलक फडकत होता. सामना संपत आला असताना तो मैदानात उतरला आणि त्याचा पास घेऊन एडी हिंटनने ६३ यार्डांचा टचडाऊन केला. कोल्ट्स ३५-७ असे जिंकले. त्या संध्याकाळी तो थांबला असता, तर ही कहाणी एखाद्या चित्रपटासारखी संपली असती.

सॅन दिएगोचे वर्ष

जानेवारी १९७३ मध्ये कोल्ट्सने त्याला दीड लाख डॉलरना सॅन दिएगो चार्जर्सला विकले. तिथे दोन वर्षांसाठी पाच लाख डॉलरचा करार त्याची वाट पाहत होता. सामन्यामागे सहा डॉलरवर खेळलेल्या माणसापुढे ठेवलेली ही रक्कम. त्याच्या पिढीच्या खेळाडूंना पुढच्या पिढीसारखी संपत्ती मिळाली नव्हती. त्यामुळे या निर्णयाकडे केवळ मोह म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. पुढे उद्योगधंद्यांत त्याला खोट आली आणि १९९१ मध्ये दिवाळखोरी पत्करावी लागली, हे लक्षात घेता पैशाची निकड खरी होती.

पण मैदानाला पूर्वपुण्याई कळत नाही. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनने चार्जर्सचा ३८-० असा धुव्वा उडवला. युनायटसचे १७ पैकी केवळ सहा पास यशस्वी ठरले, तीन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि आठ वेळा त्याला चेंडूसह जमिनीवर लोळवण्यात आले. पुढचा सामना चार्जर्सने बफेलोविरुद्ध जिंकला. याच हंगामात कारकीर्दीत ४० हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. पण तो टप्पा गाठायला लावलेले मोल जबर होते. चौथ्या सामन्यात पिट्सबर्गला जे घडले ते आरंभी सांगितलेच आहे. १९७४ च्या जुलैमध्ये, हंगामपूर्व शिबिर सुरू असताना युनायटसने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या नावावर ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाऊन पास होते. त्याची जागा घेणारा फाउट्स पुढे स्वतः महान क्वार्टरबॅक झाला आणि १९९३ मध्ये फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. युनायटसला तो मान १९७९ मध्येच मिळाला होता.

शरीराने मागितलेला हिशेब

निवृत्तीनंतर काही वर्षे त्याने दूरचित्रवाणीवर समालोचन केले. १९८४ च्या मार्चमध्ये अर्से यांनी रातोरात कोल्ट्स संघ इंडियानापोलिसला हलवला, तेव्हा युनायटसने त्या संघाशी संबंध तोडले. आपण खेळलो ते बाल्टिमोरसाठी, ही त्याची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. १९९६ मध्ये बाल्टिमोरला रेव्हन्स हा नवा संघ मिळाल्यावर मैदानाच्या कडेला तो पुन्हा दिसू लागला.

मात्र शरीराने आपला हिशेब चुकता करून घेतला. दोन्ही गुडघे कृत्रिम बसवावे लागले. ज्या उजव्या हाताला अमेरिका सोनेरी हात म्हणत असे, त्या हाताची पकड पार गेली. आवडत्या गोल्फसाठी काठी हाताला पट्टीने बांधून घ्यावी लागे. या अपंगत्वापोटी लीगकडून भत्ता मिळावा, हा त्याचा प्रयत्नही यशस्वी झाला नाही. ११ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, बाल्टिमोरजवळ टिमोनियम येथे व्यायाम करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले.

मग युनायटसने आधी थांबायला हवे होते का? सॅन दिएगोचे वर्ष टळले असते तर त्याची शोभा झाली नसती, हे खरे. पण नीट पाहिले तर हाताच्या दुखण्याचे मूळ १९६८ च्या दुखापतीत होते. ते टाळायचे तर त्याला ऐन बहरात निवृत्त व्हावे लागले असते. आणि तसे झाले असते तर १९७१ चे अजिंक्यपद त्याच्या वाट्याला आले नसते. शिवाय, स्टीलर्सने नाकारले तेव्हा जाणत्यांचा सल्ला मानून तो बांधकामावरच राहिला असता, तर युनायटस नावाचा क्वार्टरबॅक जगाला कळलाच नसता. इतरांनी संपल्याचा निकाल दिल्यावरही न मानणे, याच गुणाने त्याला घडवले. तोच गुण चाळिशीत एकाएकी सोडून दे, असे त्याला सांगणार कोण?

टॉम ब्रॅडीसारख्यांच्या नव्या पिढीने हे गणित बदलले, असे म्हटले जाते. टॉम ब्रॅडी २०२२ मध्ये निवृत्त झाला, काही आठवड्यांतच परतला आणि २०२३ मध्ये ४५ व्या वर्षी कायमचा थांबला. त्याच्या काळात नियमांनी क्वार्टरबॅकला संरक्षण दिले आणि वैद्यकशास्त्रही पुढे गेले. युनायटसच्या वेळी यातले काहीच नव्हते. तरी थांबणे ब्रॅडीलाही सोपे गेले नाही.

बाल्टिमोरच्या स्टेडियमबाहेर आज युनायटसचा पुतळा उभा आहे. पास फेकण्याच्या पवित्र्यात, हात मागे खेचलेला. सॅन दिएगोची आठवण तिथे कुणी काढत नाही. खेळाडू कधी थांबला हे विक्रमांच्या वहीत नोंदले जाते. लोकांच्या मनात मात्र तो त्याच्या सर्वोत्तम क्षणीच थांबलेला असतो.