गिटारच्या पेडलआधी एक दोरा होता : हत्यारांची पेटी सोबत ठेवणाऱ्या मिरजेच्या खाँसाहेबांची गोष्ट

लातूरकरांना मिरज म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं? पाण्याची रेल्वे. एप्रिल 2016 मध्ये जलदूत एक्सप्रेस मिरजेहून पाणी घेऊन लातूरला आली होती. पहिल्या खेपेला 10 वाघिणी आणि साधारण 5 लाख लिटर पाणी. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते.

पण मिरजेची खरी ओळख त्याहून दीडशे वर्षं जुनी आहे. लातूर-नांदेडच्या कुठल्याही गाण्याच्या क्लासमध्ये जा आणि विचारा, तंबोरा कुठून आणला? मिरज हेच उत्तर मिळायची शक्यता जास्त. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगही मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, तंबोऱ्याचं इथं काय काम? आम्ही तर यूट्यूब बघून घरी गिटारचं पेडल बनवायला बसलोय.

थांबा. विषय तोच आहे.

पेडल करतं तरी काय?

इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज साधा, कोरडा असतो. तो अँप्लिफायरला जायच्या आधी मध्ये एक डबी बसवायची आणि आवाजाचा पोत बदलायचा, हे पेडलचं काम. घरी बनवायला सगळ्यात सोपं असतं फझ किंवा डिस्टॉर्शन. एकदोन ट्रान्झिस्टर, दोन डायोड, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, दोन जॅक, पायाने दाबायचं एक बटण आणि 9 व्होल्टची बॅटरी. बाकी काम सोल्डर गनचं आणि सबुरीचं.

आत काय होतं? तार छेडली की विजेची एक लाट तयार होते. ट्रान्झिस्टर ती मोठी करतो. डायोड तिचे वरचे आणि खालचे शेंडे छाटून टाकतो. लाट कापली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वर तयार होतात. या पटीतल्या स्वरांनाच ओव्हरटोन म्हणतात. त्यांच्यामुळे आवाज खरखरीत आणि भरलेला वाटतो.

गंमत म्हणजे हा आवाज बिघाडातून सापडला. 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल खराब झाला आणि आवाज चिरका आला. तो लोकांना इतका आवडला की थोड्याच काळात तसाच आवाज काढणारं मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं. 1964 मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदाच ब्लेडने कापला होता.

म्हणजे स्वच्छ आवाज मुद्दाम थोडा बिघडवायचा आणि त्यातून जास्तीचे स्वर काढायचे. आपल्याकडे हे शतकानुशतकं चालत आलंय, आणि तेही बॅटरीशिवाय.

दोऱ्याची करामत

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. गिटारमध्ये तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिला अगदी किंचित उतार असतो. तार हलताना त्या उताराला पुन्हा पुन्हा घासते. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की एका जागी आवाज अचानक खुलतो आणि झणझणतो. याला म्हणतात जवारी.

1921 च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी यावर संशोधन केलं होतं. तार जिथे छेडली तिथून काही ओव्हरटोन उठायलाच नकोत, असा भौतिकशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात मात्र तेही ठणठणीत ऐकू येतात, आणि ही कमाल घोडीची आहे, हे रामन यांनी दाखवलं. पेडलमध्ये जे काम डायोड करतो, तेच इथं घोडी आणि दोरा करतात.

आणि हा दोरा, ही घोडी, या तारा स्वतःच्या हाताने जुळवणारा एक मोठा गवई मिरजेत राहत होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ.

कैरानाहून निघालेला पोरगा

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा. गाव कैराना, आजच्या उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यातलं. याच गावाच्या नावावरून किराना घराणं हे नाव पडलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या संगीत होतं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण झालं. गाण्यासोबत सारंगी आणि बीनही हातात आली. वाद्य आतून कसं असतं, तार कुठे अडते, लाकूड कुठे बोलतं, हे त्यांना लहानपणापासून कळत होतं.

भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत गात गात ते बडोद्याला पोचले. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात नोकरी मिळाली. तिथेच सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. दोघांचं प्रेम जुळलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सरदार घराण्यातली मराठा मुलगी आणि मुसलमान गवई. काय गहजब झाला असेल याचा अंदाज करा. दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली. पुढे मिरज, पुणे, बेळगाव असा मुलूख पालथा घालत खाँसाहेब या मातीतलेच झाले.

मिरज आणि हत्यारांची पेटी

मिरजेत तेव्हा आधीच वाद्यांचा धंदा उभा होता. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार हे मूळचे कारागीर. इंग्रजी राज्यात शस्त्रांची मागणी संपली. पोटाला काय खायचं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या. भोपळा जवळच, पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकत होता. त्या भोपळ्यावर मिरजेचा तंबोरा उभा राहिला.

खाँसाहेब या कारागिरांमध्ये रमले. वाद्यदुरुस्तीत त्यांचा हात तयार होता. हत्यारं ते सोबत बाळगत. मैफलीआधी तंबोरा लावायला ते दुसऱ्या कुणाच्या भरवशावर राहत नसत. मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज घडवण्यात त्यांच्या कानाचा वाटा आहे, असं तिथले कारागीर आजही मानतात.

एवढा हट्ट कशासाठी? कारण त्यांचं सगळं गाणंच स्वरावर उभं होतं. तालाशी झटापट नाही, शब्दांची आतषबाजी नाही. एकेक स्वर हळूहळू उलगडायचा आणि त्यावर थांबायचं. मागचा तंबोरा केसभर जरी चुकला, तरी असं गाणं कोसळतं. पेडल वाजवणाऱ्यांना हे पटकन कळेल. नॉब एका रेषेने इकडेतिकडे झाला की सगळा टोन जातो.

स्वर मोजायचा प्रयोग

सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. जुन्या ग्रंथांत सांगितलेल्या 22 श्रुती म्हणजे नक्की काय, हे त्यांना गणितात पकडायचं होतं. त्यासाठी गाणारा गळा हवा होता, आणि तोही चुकत नसलेला. खाँसाहेब तयार झाले. तेव्हाचे अनेक उस्ताद आपली विद्या बाहेर जाऊ नये म्हणून जपायचे. हा माणूस मात्र मोजमापाला बसला. देवलांचं पुस्तक 1910 साली आलं. पुढे ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीशही या कामात उतरले आणि लंडनहून 22 श्रुतींची खास हार्मोनियम बनवून घेतली गेली.

ती चालली का? नाही. 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींवरून जोरदार वाद झाले. श्रुती-हार्मोनियम काही घराघरात पोचली नाही. पण बाजारातलं वाद्य आपल्या कानाला पटत नसेल तर ते बदलून बघायचं, ही वृत्ती मात्र खरी होती.

1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. अनेक मुलं त्यांच्याकडेच राहून शिकायची. खर्च भागवायला तिकीट लावून जलसे व्हायचे. याच काळात टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात ओरडायला शिकवून त्यांनी त्याला रंगमंचावर आणल्याचा किस्सा आजही सांगितला जातो.

घर सुटलं, सूर राहिला

1922 च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वती राणे झाली. नावातून बाप गेला, पण गळ्यातून गेला नाही. ही मुलं पुढे महाराष्ट्राच्या गाण्यातली मोठी नावं झाली.

खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गावोगावी गात राहिले. म्हैसूर दरबारानं त्यांना मान दिला. कर्नाटक संगीत ऐकून त्यातली सरगमची पद्धत त्यांनी आपल्या गाण्यात घेतली. 1930 च्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजू लागल्या. तिकडे गदगच्या एका शाळकरी पोरानं त्यातली एक रेकॉर्ड ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. तो पोरगा पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला. त्याचं नाव भीमसेन जोशी.

शेवटचं स्टेशन

ऑक्टोबर 1937. मद्रासकडचा दौरा आटोपून खाँसाहेब रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातलं गेलं. सांगतात की, त्यांनी तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारी रागात ईश्वराचं नाव घेतलं. 27 ऑक्टोबरला तिथेच त्यांचा प्राण गेला.

त्यांना मिरजेला आणून ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या नावानं गाणं होतं. देशभरातले कलाकार तिथे हजेरी लावतात.

1967 साली अमेरिकेत इलेक्ट्रिक सितार नावाची गिटार निघाली. तिची घोडी मुद्दाम अशी बनवली होती की तार घासून झणझणावी. म्हणजे सतारी-तंबोऱ्याची जवारी फिरून गिटारवरच पोचली.

तेव्हा पेडल जरूर बनवा. पहिल्यांदा आवाज येणार नाही, वायर उलटी लागेल, सोल्डर सुटेल. पण एक दिवस लातूरहून मिरजेची गाडी पकडा. तिथल्या एखाद्या कारागिराच्या दुकानात बसा आणि तो घोडीवर कानस चालवून, दोरा सरकवून जवारी कशी काढतो ते बघा. त्याच्याकडे मीटर नसतं. तो कानस थांबवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. घरी परत आलात की पेडलचा नॉब फिरवतानाही तेवढंच करायचं. थांबायचं आणि ऐकायचं.