मोरोपंत

मोरोपंत रामचंद्र पराडकर ऊर्फ मयूरपंत (१७२९–१७९४) हे पेशवाईतील मराठी पंडित कवी होते. आर्या या वृत्तातील विपुल रचनेसाठी ते ओळखले जातात.

जीवन

पराडकर घराणे मूळचे कोकणातील सौंदळचे. मोरोपंतांचा जन्म पन्हाळगडावर झाला. तेथे केशव व गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. ऐन तारुण्यात ते बारामतीस आले. पेशव्यांचे आप्त व सावकार बाबूजी नाईक यांनी त्यांना पुराणिक म्हणून आश्रय दिला. काशीयात्रेचा काळ वगळता पुढील आयुष्य त्यांनी कऱ्हेकाठच्या या गावीच घालविले.

काव्य

श्रोत्यांपुढे संस्कृत पुराण मराठीत उलगडून सांगण्याच्या व्यवसायाचा ठसा त्यांच्या काव्यावर स्पष्ट उमटलेला आहे. संपूर्ण महाभारत त्यांनी ‘आर्याभारत’ या ग्रंथात मराठीत आणले. काटेकोर पाहता त्यांच्या बहुतेक आर्या ‘गीती’ आहेत. आर्येच्या चौथ्या चरणात १५ मात्रा असतात, गीतीत १८.

रामकथेवर त्यांनी १०८ रामायणे रचली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण टाळलेले आहेत. ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण असल्याने तेथे ‘राम’ हे नावच वर्ज्य ठरते! अशा कसरतींत काव्य हरवते, हा आक्षेप अगदीच अनाठायी नाही. पृथ्वी वृत्तातील ‘केकावली’ची गोष्ट मात्र निराळी आहे. केका म्हणजे मोराची आरोळी. ‘मयूर’ कवीने उतारवयात ईश्वराची भाकलेली ही करुणा आजही हृदयाला भिडते.

लोकमानसातील प्रसार

एवढे संस्कृतप्रचुर काव्य निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते कीर्तनामुळे. त्यात मोठा वाटा सोलापूरचे शाहीर राम जोशी यांचा. ब्राह्मण कुळात जन्मलेले व संस्कृत जाणणारे राम जोशी तमाशासाठी लावण्या रचीत. त्यापायी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. मोरोपंतांच्या काव्याने भारावून त्यांनी डफ टाकला व ते कीर्तनकार झाले, अशी आख्यायिका आहे. लावणी त्यांनी खरोखर सोडली की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी पंतांच्या आर्या गावोगाव गाजल्या त्या फडावर घडलेल्या या गळ्यातून, हे मान्य करावे लागते.

पुढे ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टीकाकारांविरुद्ध मोरोपंतांची बाजू हिरिरीने मांडली. राम जोशींच्या जीवनावर १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ हा मराठी चित्रपट निघाला.