विष्णु दिगंबर पलुस्कर

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (जन्म : कुरुंदवाड, १८ ऑगस्ट, इ.स. १८७२, मृत्यू : मिरज, २१ ऑगस्ट, इ.स. १९३१) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक होते. बालपणी झालेल्या अपघातामुळे त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. हिंदुस्थानी संगीत दरबारातून आणि खासगी मैफलींतून जाहीर रंगमंचावर आणणे, गायनाचा पेशा करणाऱ्यांना समाजात मान मिळवून देणे आणि राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर गाण्याला स्थान मिळवून देणे ही त्यांची प्रमुख कामे मानली जातात.

बालपण आणि अपघात

कुरुंदवाड हे आज कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात असलेले गाव त्या काळी पटवर्धनांच्या एका संस्थानाची राजधानी होते. विष्णूचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून ते पलुस्कर झाले. कीर्तन हा एकपात्री नाट्याला जवळचा प्रकार आहे. आख्यान, पद, अभिनय आणि श्रोत्यांना धरून ठेवण्याचे कसब असे सारे एकाच माणसाला पेलावे लागते. हे शिक्षण मुलाला घरातच मिळाले आणि पुढे मोठ्या सभांपुढे गाताना ते उपयोगी पडले.

जवळच्या नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडवत असताना फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि विष्णूच्या डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेण्यात आले, परंतु दृष्टी पूर्ववत झाली नाही आणि शालेय शिक्षण थांबले. भारतातील अंधांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली निघाली. मुंबईत तशी सोय होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अधू दृष्टीच्या मुलापुढे त्या काळी भजन-कीर्तन, गायन किंवा भिक्षा याखेरीज फारसे मार्ग नव्हते. काही चरित्रकारांनी या अपघाताला दैवी संकेताचे रूप दिले आहे. प्रत्यक्षात संगीताची निवड ही उरलेल्या थोड्या वाटांपैकी एक होती.

मिरजेतील शिक्षण

मिरजेत त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकण्याची संधी मिळाली. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली होती. विद्या मुखोद्गत होती, लिहून घेण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे डोळ्यांची उणीव येथे आड आली नाही. मिरज संस्थानाच्या अधिपतींचा त्यांना आश्रय होता.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. त्यामागे एक प्रसंग सांगितला जातो. एका समारंभाला संस्थानाच्या मर्जीतील म्हणून विष्णुपंतांना बोलावण्यात आले, पण त्यांच्या गुरूंना वगळण्यात आले. कारण विचारता, ते केवळ गवई असल्याचे उत्तर मिळाले. गवयाला दाद मिळते, पंगतीत जागा मात्र मिळत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली आणि त्यांच्या पुढील कार्याची दिशा तिने ठरवली.

भ्रमंती आणि गांधर्व महाविद्यालय

बडोदा, ग्वाल्हेर आणि काठेवाड असा प्रवास करताना त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर जलसा केला. दाम मोजणाऱ्या कोणालाही गाणे ऐकता यावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. संगीत नाटकांनी महाराष्ट्रातील प्रेक्षकांना तिकिटाची सवय लावली होती. तीच पद्धत पलुस्करांनी शास्त्रीय गायनाला लागू केली. जलसा वेळेवर सुरू झाला पाहिजे आणि श्रोत्यांनी शिस्त पाळली पाहिजे, याबाबत ते कठोर होते.

मथुरेत राहून त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संस्था एखाद्या राजाच्या कृपेवर नव्हे, तर देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर चालत असे. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपदेशक वर्ग होता. त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च संस्था करी. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग काढण्यात आले. घरंदाज स्त्रीने गाणे शिकणे निषिद्ध मानले जाण्याच्या काळात हे धाडसाचे होते. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली.

दृष्टीमुळे शाळा सुटलेल्या या माणसाच्या नावावर पन्नासहून अधिक पुस्तके आहेत, तसेच स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धतीही आहे. ही पद्धत बारकाव्यांची होती, म्हणूनच किचकटही ठरली. विष्णु नारायण भातखंडे यांची सुटसुटीत पद्धत अधिक पसरली.

राष्ट्रीय चळवळ

राष्ट्रीय सभेच्या अनेक अधिवेशनांत पलुस्करांनी ‘वंदे मातरम्’ गायले. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीताला आक्षेप घेतला. पलुस्करांनी गीत पूर्ण केले आणि अध्यक्ष व्यासपीठावरून निघून गेले. हा प्रसंग पलुस्करांच्या निर्भयतेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मात्र जुन्या बंदिशींतील शृंगारिक शब्द काढून तेथे भक्तिपर शब्द घालण्याच्या त्यांच्या धोरणामुळे संगीताला हिंदू धार्मिक वळण मिळाले आणि मुस्लिम उस्तादांची परंपरा बाजूला पडली, अशी टीकाही अभ्यासकांनी केली आहे. दोन्ही बाजू ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोजमाप होत नाही.

त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक झाले आणि १९३० च्या दांडीयात्रेत महात्मा गांधींबरोबर होते.

उत्तरायुष्य

मुंबईत संस्थेची मोठी इमारत उभारताना कर्ज झाले. ते फिटेना, अखेर इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर नाशिकला पंचवटीत आले, भगवी वस्त्रे धारण केली आणि रामनाम व तुलसीरामायण यांत रमले. त्यांच्या अपत्यांपैकी बहुतेक अल्पवयात दगावली. १९२१ साली जन्मलेले दत्तात्रय विष्णु पलुस्कर हे वडिलांच्या निधनसमयी अवघे दहा वर्षांचे होते. तेही पुढे नामवंत गायक झाले आणि १९५५ मध्ये वारले.

शिष्यपरंपरा

ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बी. आर. देवधर तसेच कोल्हापूरचे शंकरराव व्यास व नारायणराव व्यास हे त्यांचे प्रमुख शिष्य. विनायकराव पटवर्धन यांनी काही वर्षे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत भूमिका केल्या. पलुस्करांच्या निधनानंतर रंगभूमी सोडून १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढे अखिल भारतीय झालेले हे मंडळ आजही संगीताच्या परीक्षा घेते. भारतीय टपाल खात्याने १९७३ साली पलुस्करांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.