बाजीरावाची शरणागती घेणारा आणि खंडाळ्याच्या घाटात पहिल्यांदा चाकं चढवणारा स्कॉटिश गव्हर्नर

सोलापूरहून मुंबईला निघालं की टेंभुर्णी, इंदापूर, पुणे करत लोणावळा येतं आणि मग गाडी खंडाळ्याचा घाट उतरायला लागते. जुन्या लोकांसाठी हा बोर घाट. आज तो पार करायला फार वेळ लागत नाही. ट्रॅफिक लागलं तर गोष्ट वेगळी.

पण दोनशे वर्षांपूर्वी इथे चाक चालत नव्हतं. माल चढायचा आणि उतरायचा तो बैलांच्या पाठीवर. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली, तेव्हा तोफा हा घाट चढवता चढवता तिचे दिवसच्या दिवस गेले. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी तिला गुडघ्यावर आणलं, ते सगळ्यांना माहितीच आहे.

त्यानंतर अर्ध्या शतकाने या घाटातून बैलगाडीच काय, घोड्याची बग्गीसुद्धा जाऊ लागली. हे काम ज्याच्या काळात झालं तो मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम. महाबळेश्वरची मुख्य बाजारपेठ ज्याच्या नावाने माल्कमपेठ म्हणून ओळखली गेली, तोच हा.

कर्जबाजारी शेतकऱ्याचा मुलगा

माल्कमचा जन्म २ मे १७६९ चा. गाव बर्नफूट, स्कॉटलंडच्या दक्षिणेला, लँगहोमजवळ. आजूबाजूला डोंगर आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. बाप खंडाने जमीन कसायचा, डोक्यावर कर्ज आणि घरात सतरा पोरं. मग पोरांना लवकर कामाला लावणं आलंच. त्यातले तीन भाऊ पुढे एकाच वर्षी सर झाले, पण तेव्हा हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जॉनला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या ऑफिसात मुलाखतीला उभं केलं तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. हैदर अली समोर आला तर काय करशील, असं साहेबांनी विचारलं आणि तलवार काढून त्याचं मुंडकं उडवीन, असं पोराने सांगितलं, असा किस्सा आहे. नोकरी लागली. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला.

सुरुवातीची वर्षं त्याने उधळपट्टीत घालवली आणि तोही बापासारखा कर्जात बुडाला. मग मात्र गडी सुधारला. फारसी शिकला. तेव्हाच्या हिंदुस्थानात दरबारी कामकाजाची भाषा फारसी होती, त्यामुळे ती येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला मोठी किंमत. कंपनीने त्याला इराणच्या शहाकडे वकील म्हणून एकदा नाही, तीनदा पाठवलं. १८१५ मध्ये त्याने इराणचा इतिहास दोन खंडांत लिहून काढला.

१८१८ आणि सोलापूर

महाराष्ट्राच्या इतिहासात माल्कम येतो तो मराठेशाहीच्या शेवटाला. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, तेव्हा तो इंग्रजांच्या फौजेत आघाडीवर होता.

त्याच वेळी दुसरा बाजीराव फौज घेऊन पळत होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला इंग्रजांनी त्याला गाठलं. सेनापती बापू गोखले तिथे लढता लढता पडले, बाजीराव निसटला. मे महिन्यात थॉमस मन्रोने सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला. हा मन्रोही स्कॉटिशच, ग्लासगोचा. पुण्यात सूत्रं हलवणारा एल्फिन्स्टनही स्कॉटिश. म्हणजे मराठी राज्य बुडवणाऱ्या तीन मोठ्या साहेबांचं मूळ एकाच छोट्या देशातलं.

आता बाजीरावाकडे जायला जागा उरली नव्हती. ३ जून १८१८ ला असीरगडच्या परिसरात तो माल्कमला शरण आला. माल्कमने त्याला वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन कबूल केली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला आणि त्याने नाराजी दाखवली. माल्कमचा हिशोब वेगळा होता. युद्ध आणखी काही महिने लांबलं असतं तर खर्च त्याहून जास्त झाला असता. पण बिठूरला गेलेला बाजीराव १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीला ही पेन्शन तीसहून जास्त वर्षं भरावी लागली.

यानंतर माल्कम माळव्याचा कारभार बघायला लागला. तिथे फिरताना तो लोकांकडून अहिल्यादेवी होळकरांबद्दल ऐकत गेला. त्यांना जाऊन वीस-पंचवीस वर्षंच झाली होती, त्यांचा कारभार डोळ्यांनी पाहिलेली माणसं जिवंत होती. हे सगळं त्याने १८२३ मध्ये छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरच्या पुस्तकात नोंदवलं. होळकरांशी लढलेला माणूस होळकरांच्याच राणीचं इतकं कौतुक करतो, हे वाचताना गंमत वाटते. अहिल्यादेवींवर लिहिणारे आजही या पुस्तकाकडे वळतात. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये ज्यांचं नाव मिळालं, त्या याच अहिल्यादेवी.

भिंत फोडली

नोव्हेंबर १८२७ मध्ये माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. वय अठ्ठावन्न. हाताशी तीन वर्षं होती आणि त्याने कामांचा धडाका लावला. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा हे गाव दिलं. हे खंडाळा वाईकडचं, घाटातलं नव्हे. याच काळात सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाशी त्याचं इतकं फाटलं की न्यायाधीशाने कोर्टच बंद करून टाकलं. मार्च १८३० मध्ये मुंबईहून पहिली आगबोट सुएझकडे निघाली, तीही त्याच्याच कारकिर्दीत.

बोर घाटाच्या वाटेवर आधी काम झालंच नव्हतं असं नाही. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीने तोफा नेण्यापुरती वाट सुधारली होती. पण चढ इतका उभा होता की व्यापाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. माल्कमच्या काळात वळणं घेत घेत चढणारा, चाकांसाठीचा रस्ता बांधला गेला. १० नोव्हेंबर १८३० ला त्याने तो खुला केला आणि पुढच्याच महिन्यात गव्हर्नरपद सोडलं. कोकण आणि देश यांच्यामधली भिंत या रस्त्याने पाडली, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय.

त्याने रस्त्याचे जे फायदे मोजले त्यात फौजांची सोय होती आणि विलायती माल देशावर स्वस्तात पोचण्याची सोयही होती. हातमागावर जगणाऱ्या सोलापूरसारख्या गावाच्या दृष्टीने हा दुसरा फायदा नेमका कुणाचा, हे सांगायला नको.

दुसरीकडे देशावरचा कापूस याच घाटाने बंदराकडे उतरू लागला. रेल्वे आल्यावरही घाटाचं काम संपलं नाही. मुंबईकडून रूळ १८५६ मध्ये खोपोलीला पोचले, वर खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये झालं आणि सोलापूरला गाडी आली १८६० मध्ये. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेविना होता. म्हणजे सोलापूरहून रेल्वेने निघालेला माल खंडाळ्याला उतरवायचा, माल्कमच्या रस्त्याने खाली न्यायचा आणि खोपोलीला पुन्हा डब्यात भरायचा.

माल्कम हे बघायला नव्हता. मायदेशी जाऊन तो थोडा काळ खासदार झाला आणि ३० मे १८३३ ला लंडनमध्ये वारला. लँगहोमच्या टेकडीवर त्याच्या नावाचा शंभर फुटी दगडी स्तंभ आहे. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे.

जुन्या वाटेवर गाडी घालता येते का?

जुन्या डोंगरवाटांवर गाडी चालवायचं वेड स्कॉटलंडमध्येही आहे. तिथे जनरल वेडने १७२५ पासून बंडखोर डोंगरी टोळ्यांना काबूत ठेवण्यासाठी लष्करी रस्ते बांधले होते. २००३ च्या कायद्याने तिथे जवळपास कुठल्याही माळरानावर चालायला आणि सायकल चालवायला मोकळीक आहे, पण इंजिनाच्या गाडीला हा हक्क नाही. वाहनांसाठीचा जुना वहिवाटीचा हक्क असेल किंवा जमीनमालकाची परवानगी असेल, तरच गाडी न्यायची.

आपल्याकडे बोर घाट सोपा आहे. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना रस्ता सार्वजनिक आहे. एक्सप्रेस वेवर मात्र दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, त्यामुळे बाईकवाल्यांनी पाट्या बघूनच वळावं. हा शिंग्रोबा म्हणजे साहेबांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि काम झाल्यावर त्यांनीच त्याला मारलं, असं लोक सांगतात. ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकतात.

सह्याद्रीतल्या बाकीच्या घाटवाटांचं तसं नाही. बऱ्याच वाटा राखीव जंगलातून जातात. तिथे विनापरवाना घुसणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो. त्यामुळे रील बघून जीप घालण्याआधी वनखात्याच्या ऑफिसात विचारलेलं बरं.

गावाकडची वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा टाकायचा. तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करू शकतो आणि अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. सोलापूर जिल्ह्यात बांधावरून आणि रस्त्यावरून भांडणं काही कमी नाहीत, तेव्हा हा कायदा माहीत असलेला बरा. जाताना गावनकाशाची नक्कल सोबत घ्या. जुना रस्ता त्यात दाखवलेला असेल तर अर्धं काम तिथेच होतं.